सालोंगोच्या पाठीमागची रांग

“फिलोमेना, या निवडणुकीत मला माझ्या नवऱ्याला पाडायचंय.”

सकाळची गर्दीची वेळ. तव्यावर चपाती, चपातीवर दोन अंडी फोडलेली, आणि नालोंगो हे असं बोलली. मी उलथनं हातात धरून तिच्याकडे बघतच राहिले. अंडी करपली ती करपलीच, वर गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं ते वेगळं.

“हळू बोल गं बाई,” मी म्हटलं. “मोटरसायकली लावून बोडावाले बसलेत इथे. अर्ध्या तासात ही बातमी मसाका शहरापर्यंत जाईल.”

“जाऊ दे. मला मदत हवी आहे. तुझ्याकडे सगळं गाव चपाती खायला येतं. तू बोललीस की ऐकतील.”

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. तिचं खरं नाव वेगळंच आहे, पण आमच्या किगोबात बाईला जुळी झाली की तिचं नाव कोण घेतो? बाप सालोंगो, आई नालोंगो, मरेपर्यंत. जुळी केव्हाच कंपालाला जाऊन संसाराला लागली, आणि इकडे सालोंगो आमच्या गावाचा चेअरमन होऊन बसला. तोही थोडाथोडका नव्हे. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा तो चेअरमन होता, आणि आता माझी मुलगी बाळंतपणाला आली तेव्हाही तोच. मध्ये गावची निवडणूक झालीच नाही. सरकार दरवर्षी म्हणायचं, पुढच्या वर्षी. एकदा म्हणे तिजोरीत पैसे नाहीत, एकदा म्हणे कुणीतरी कोर्टात गेलंय. वरच्या निवडणुका मात्र वेळच्या वेळी व्हायच्या. खासदार बदलायचे, खासदारांच्या गाड्या बदलायच्या, आमचा चेअरमन तेवढा तोच.

माणूस चांगला, याबद्दल दुमत नाही. पण गावच्या चेअरमनच्या शिक्क्याशिवाय आमच्याकडे काहीसुद्धा हलत नाही. बँकेत खातं उघडायचं, चेअरमनचं पत्र आणा. जमीन विकायची, चेअरमन साक्षीला. पोलिसांकडे जायचं, आधी चेअरमनला विचारलं का? शेळी कुणाच्या रताळ्यात शिरली, कुणाची केळी कुणाच्या बांधावर झुकली, कुणाची बायको रुसून माहेरी गेली, सगळं त्या अंगणात. आणि ते अंगण नालोंगोचं. माझ्या आणि तिच्या घरात फक्त एक कुंपण आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकत नाही. पण कान बंद करून कुणी स्वयंपाक करतं का?

“परवा काय झालं सांगू?” नालोंगो बाकावर बसत म्हणाली. “लुवोंबो केला होता. कोंबडी धुरावर धरली, शेंगदाण्याचा रस्सा केला, कोवळं केळीचं पान विस्तवावरून फिरवून मऊ केलं, पुडी बांधली, सकाळपासून वाफेवर ठेवली. दोघांच्या मध्ये पुडी ठेवली, दोरा सोडला, वाफ आली. आणि बाहेरून हाक, ‘चेअरमन आहेत का घरात?’”

“शेळी?”

“शेळीच. हे उठून गेले. म्हणाले, आलोच. मी पान परत मिटलं. मग दुसरा आला, त्याला पत्र हवं होतं. मग यांचा चष्मा सापडेना. हे आत आले तेव्हा रस्सा गार होऊन वर साय धरली होती. मला म्हणतात कसे, ‘गरम का नाही वाढलंस?’”

“तू काय म्हणालीस?”

“काही नाही. ताट उचललं आणि शेळीवाल्याच्या कुत्र्याला घातलं.”

मी हसले, पण ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, “फिलोमेना, पोरं लहान होती तेव्हा पोरांसाठी धावलो. पोरं गेली तेव्हा मला वाटलं, आता आम्ही दोघं समोरासमोर बसून गरम जेवू. एवढंच मागतेय मी. जास्त आहे का?”

“मग त्यांनाच सांग ना, उभे राहू नका म्हणून.”

“सांगितलं. म्हणतात, ‘मी नसलो तर गावाचं काय होईल?’ मी म्हटलं, तुम्ही असून माझं काय झालं ते बघा!”

अखेर त्या वर्षी सरकारला सवड झाली होती आणि निवडणुकीची तारीख लागली होती. सालोंगोच्या विरोधात उभी राहिली जस्टीन नाबोसा. तिशीची पोरगी, मोबाइलवरून पैसे पाठवायची टपरी चालवते, वर पिवळी छत्री. टपरी वेळेवर उघडते, समोरच्याचं नीट ऐकून घेते, आणि चष्मा लागत नाही. पण सालोंगोसमोर तिचा टिकाव लागेल असं कुणालाच वाटत नव्हतं. तिला स्वतःलाही नाही. “नाव तरी होईल,” एवढंच ती म्हणायची.

तिला कुठे ठाऊक होतं की तिचा सगळा प्रचार चेअरमनची बायको करतेय!

नालोंगोने गाव पिंजून काढलं. विहिरीवर, चर्चबाहेर, एका मयताच्या घरी शेंगदाणे सोलता सोलता, जिथे चार बायका दिसतील तिथे ती कानाला लागायची. “या वेळी नाबोसामागे उभ्या राहा. आपल्या पुरुषांनाही सांगा. आणि सालोंगोला कळू देऊ नका.” बायका आधी चमकायच्या, मग लुवोंबोची गोष्ट ऐकायच्या, मग मान डोलवायच्या. आपल्या नवऱ्याची वाट बघत कोणाचा रस्सा गार झालेला नाही? पुरुषांकडचं काम माझ्याकडे होतं. मी चपातीत अंड्याबरोबर टोमॅटो जास्त घालायचे आणि नाबोसाचं नाव काढायचे.

किझा नावाचा एक बोडावाला आहे आमच्याकडे, मोटरसायकलवर तीन-तीन माणसं नेतो. बायकांना मानाने न्याबो म्हणतो. तो म्हणाला, “न्याबो, मी तर चेअरमनलाही शब्द दिलाय.”

“का दिलास?”

“त्यांनी विचारलं म्हणून. तोंडावर नाही कसं म्हणणार?”

“मग आता?”

“तुम्हालाही देतो.”

अशी आमच्या गावाची तऱ्हा. नाही म्हणायला आम्हाला जमत नाही. खासदाराच्या निवडणुकीत ते खपून जातं, कारण तिथे चिठ्ठी असते, पेटी असते, आत काय केलं ते देवाला ठाऊक. गावच्या निवडणुकीत चिठ्ठी नाही आणि पेटी नाही. ज्याला मत द्यायचं त्याच्या पाठीमागे भर उन्हात जाऊन उभं राहायचं, सगळ्या गावादेखत. मग माणसं मोजतात. कोण कुणामागे उभा होता हे पुढची निवडणूक येईपर्यंत गाव विसरत नाही.

आदल्या दिवशी मी कुंपणावरून डोकावले तर नालोंगो नवऱ्याचा पांढरा पायघोळ कांझू इस्त्री करत होती. कोळशाची इस्त्री, आणि इतक्या मायेने फिरवत होती की मला रागच आला.

“एवढं काय कौतुक चाललंय?” मी विचारलं. “पाडायचंय ना त्याला?”

“पडणार आहेत तर नीटनेटके पडू देत,” ती म्हणाली आणि गळपट्टी पुन्हा एकदा दाबली.

मतदान शाळेच्या मैदानावर. मसाकाहून अधिकारी आला, उशिराच आला, टाय घालून आणि घामाने भिजून. त्याने दोन्ही उमेदवारांना पुढे बोलावलं आणि शाळेच्या भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

“मागे वळून बघायचं नाही,” तो म्हणाला. “शेजारच्या गावात एक उमेदवार डोळे वटारून लोकांना आपल्या रांगेत ओढत होता. इथे ते चालणार नाही.”

सालोंगो उभा राहिला. पांढरा कांझू, वर काळा कोट, आणि कोटाच्या खिशात, रुमालात गुंडाळलेला शिक्का. तो खिसा शाईने कायमचा जांभळा झालेला. त्याच्यापासून दहा-बारा पावलांवर नाबोसा, उंच खांद्यांची नवी पायघोळ गोमेसी घालून.

“चला,” अधिकारी म्हणाला. “आपापल्या उमेदवारामागे उभे राहा.”

गाव हललं. आणि सगळं गाव एकाच बाजूला गेलं. नाबोसामागची रांग फुटबॉलच्या खांबापर्यंत पोचली, तिथून वळून फणसाच्या झाडाखाली गेली.  दोघांना शब्द दिलेला किझा खाली मान घालून त्याच रांगेत. मीही तिथेच, पुढून सातवी की आठवी. ठरलं होतं तसं सगळं झालं, आणि मला जरा धन्यता वाटली.

मग मी पलीकडे पाहिलं. सालोंगोच्या पाठीमागे एकच बाई उभी होती. नालोंगो.

तिने तिची सगळ्यात चांगली गोमेसी घातली होती, निळी, जुळ्यांच्या लग्नातली. पर्स हाताला लावून ती नवऱ्याच्या मागे ताठ उभी होती. त्या एवढ्या मोठ्या मैदानात, उन्हात, ती दोघंच.

सालोंगोला मागचं दिसत नव्हतं, पण बहिरा थोडाच होता तो? पावलं कुठल्या बाजूला गेली ते त्याला कळलं होतं. त्याचे खांदे आधी होते तसे राहिले नव्हते. एवढ्यात नालोंगो खोकली. तिचा तो लहानसा, दोनदा येणारा खोकला. सालोंगोने मान वळवली नाही, पण त्याचा एक हात मागे आला, कोटाच्या टोकाशी जरासा उघडला, आणि परत पुढे गेला.

 माझ्या नवऱ्याच्या मयताला हाच माणूस सगळ्यांत आधी आला होता. खड्डा खणायला पहिली कुदळ याने मारली होती. आणि मी टोमॅटो वाटून याला पाडत होते! पायांना कुणी सांगितलं ते ठाऊक नाही, पण ते चालू लागले. मी मैदान ओलांडलं आणि नालोंगोच्या मागे जाऊन उभी राहिले.

“फिलोमेना!” तिने मान न वळवता दातओठ खाल्ले. “इथे काय करतेस?”

“उभी आहे.”

“तिकडे जा. आपलं काय ठरलं होतं?”

“मग तू का इथे?”

“माझा नवरा आहे तो. त्याला एवढ्या लोकांत एकटा उभा करू? तू कोण लागतेस त्याची?”

“शेजारीण.”

“शेजारणीने तिकडे उभं राहावं. चल, हो तिकडे!”

पण तोवर माझ्यामागे कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. किझा. म्हणाला, “मला बघवेना.” त्याच्यामागे विहिरीजवळची म्हातारी, काठी टेकत. तिच्यामागे शेळीवाला. मग दोन बायका, मग त्यांचे नवरे. एकदा चार जण निघाले की आमच्या गावाला कुठे थांबता येतं? नाबोसाच्या रांगेला मध्येच भोकं पडायला लागली. मोजणी सुरू केलेला अधिकारी बोट वर धरून उभा राहिला.

“एक मिनिट! मी तुम्हाला मोजलं होतं ना? तुम्ही कुठे चाललात?”

“इथेच, सेबो. पलीकडे.”

“साहेब, मागे काय चाललंय?” नाबोसाने भिंतीकडे बघतच विचारलं.

“मला कळलं तर तुम्हाला सांगतो,” अधिकारी म्हणाला, आणि टाय सैल करून पहिल्यापासून मोजायला लागला.

इकडे नालोंगोची तारांबळ. एकाला कोपराने ढकलतेय, दुसऱ्याला डोळे दाखवतेय. “जा रे! तू जा! अगं तू तर विहिरीवर शपथ घेतली होतीस!” आधी ती पुटपुटत होती, मग कुजबुजत, आणि शेवटी रांग तिच्यामागे शाळेच्या फाटकापर्यंत गेलेली पाहून तिचा बांध फुटला.

“अरे जा ना सगळे तिकडे!” ती ओरडली. “गेली कित्येक वर्षं तुम्ही माझ्या अंगणात बसलाय! मला माझं घर परत पाहिजे! मला माझा नवरा परत पाहिजे! एक दिवस तरी गरम जेवू द्याल का आम्हाला?”

सगळी रांग दचकली. फणसाखालची कोंबडीसुद्धा.

सालोंगो वळला.

“उमेदवार, भिंतीकडे बघा!” अधिकारी ओरडला.

“तुमच्या भिंतीला काय बघायचंय,” सालोंगो म्हणाला. तो बायकोकडे बघत होता. “नालोंगो, या सगळ्यांना तिकडे उभं राहायला तू सांगितलंस?”

“हो.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. एकालाही सोडलं नाही.” तिची नजर खाली गेली नाही.

“आणि स्वतः मात्र माझ्यामागे उभी राहिलीस.”

“मग आणखी कुठे उभी राहू?” ती म्हणाली. “जन्मभर तिथेच उभी आहे. तुम्ही कधी मागे वळून पाहिलं नाहीत.”

आता हे वाक्य काही तिने विचार करून म्हटलं नव्हतं. भांडणात माणूस बोलतो तसं बोलून गेली. पण सालोंगोच्या चेहऱ्यावर ते कसं लागलं ते मी डोळ्यांनी पाहिलं.  मग त्याने रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे, किझाकडे, शेळीवाल्याकडे. मग अधिकाऱ्याकडे गेला.

“साहेब, मी या गावचा मतदार आहे ना?”

“आहात.”

“मग मला कुणाच्याही मागे उभं राहता येतं?”

“पण तुम्ही उमेदवार आहात.”

“उमेदवाराला मनाई आहे?”

अधिकाऱ्याने कागद चाळले, पुढून मागे, मागून पुढे. “मनाई आहे असं… लिहिलेलं नाही.”

सालोंगोने कोट झटकला, मैदान ओलांडलं आणि नाबोसाच्या उरल्यासुरल्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला.

नालोंगोने ते पाहिलं. मग पर्स सावरून तरातरा निघाली आणि त्याच्यामागे जाऊन उभी राहिली.

“आता इथेही माझ्यामागेच का?” सालोंगोने विचारलं. या खेपेला पूर्ण वळून.

“पुढे सरका. ऊन लागतंय,” नालोंगो म्हणाली.

मग आम्ही काय करणार? ज्याच्यामागे उभे होतो तोच तिकडे गेला, आम्ही त्याच्यामागे गेलो. सगळी रांग शेपटीसकट वळली. कुणी हसायला लागलं, कुणी गायला लागलं, म्हाताऱ्या बायकांनी तोंडावर हात आपटून ललकारी दिली. नाबोसा भिंतीकडे तोंड करून रडत होती आणि विचारत होती, “साहेब, मी हरले का?”

“बाई,” अधिकारी म्हणाला, “तुमच्याविरुद्ध उभं राहायला या गावात कुणी शिल्लकच नाही.”

त्याच मैदानावर सालोंगोने खिशातून रुमाल काढला. नाबोसा रीतीप्रमाणे त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हात पुढे केले. त्याने शिक्का तिच्या हातात ठेवला, पण लगेच सोडला नाही. म्हणाला, “शाईत दोन थेंब पाणी घालत जा, नाहीतर कागदाला चिकटतो. आणि शेळ्यांच्या भांडणात आधी शेळी बघायला जायचं, मग माणसं.” मग सोडला. हात मात्र रिकामाच पुन्हा खिशात गेला, आणि तिथेच राहिला.

पुढच्या रविवारी चर्चनंतर नालोंगोने लुवोंबो केला. धूर कुंपणावरून माझ्याकडे येत होता, त्यामुळे मला न बघताही सगळं ठाऊक होतं. दुपारी मी कुंपणाशी चपातीचं पीठ मळत बसले होते. खरं सांगायचं तर पीठ सकाळीच मळून झालं होतं.

नालोंगोने आत चटई पसरली, उकडलेल्या कच्च्या केळ्यांचे मटोके वाढले, पुडी मध्ये ठेवली. “या जेवायला,” तिने हाक मारली.

सालोंगो दाराशी खुर्ची टाकून बसला होता. “आलोच,” म्हणाला, आणि बसूनच राहिला. नजर फाटकाकडे. रस्त्यावरून कुणी गेलं की जरा ताठ व्हायचा. जाणारा पुढे निघून जायचा, नाबोसाच्या पिवळ्या छत्रीकडे. आठवडाभर हे असंच चाललं होतं. एकदा तर किझाची मोटरसायकल बाहेर नुसती बंद पडली, आणि हा चष्मा घालून तयार.

नालोंगो आतून त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही चिडणार, आता कुत्र्याचं नशीब उघडणार. पण ती उठली. मागच्या दाराने बाहेर पडली, घराला वळसा घालून फाटकाबाहेर गेली, गोमेसीचा पट्टा सारखा केला आणि फाटकावर थाप मारली.

“चेअरमन आहेत का घरात?”

सालोंगो ताडकन उठला. फाटकात आपलीच बायको बघून तिथेच थांबला. मग हळूहळू त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

“आहेत,” तो म्हणाला. “काय काम आहे?”

“तक्रार आहे.”

“कुणाबद्दल?”

“नवऱ्याबद्दल. जेवायला बोलावलं तर येत नाही.”

सालोंगोने घसा साफ केला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “प्रकरण गंभीर आहे,” तो म्हणाला. “पण न्याबो, माझ्याकडे आता शिक्का नाही.”

“शिक्का नकोय,” नालोंगो म्हणाली. “हात धुऊन या.”

तो गेला. दार लागलं. थोड्या वेळाने केळीचं पान सोडल्याचा आवाज आला आणि शेंगदाण्याच्या गरम रश्श्याचा वास कुंपण ओलांडून माझ्यापर्यंत पोचला. तेवढ्यात रस्त्यावरून शेळीवाला येताना दिसला, हातात दोरी, दोरीला शेळी, आणि सवयीने पाय त्यांच्या फाटकाकडे वळलेले. मी पिठाच्या हातांनीच उठले आणि त्याच्या आडवी गेले.

“चेअरमन तिकडे बसते,” मी त्याला म्हटलं. “इथे माणसं जेवतायत.”